बाबांची टेप आणि सरकलेलं दीपगृह

बाबांनी चाळीस वर्षं रत्नागिरीत बांधकामाचे ठेके घेतले. काम सोडून सहा वर्षं झाली, तरी शर्टाच्या खिशात पाच मीटरची टेप असतेच. आमच्याकडे नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला आल्याच्या पहिल्याच दिवशी त्यांनी हॉलची भिंत ठोकून पाहिली, "ही भिंत की पुठ्ठा गो?" असं विचारलं आणि त्यानंतर अमेरिकेतल्या कुठल्याच बांधकामात त्यांना रस उरला नाही. वॉशिंग्टन झालं, न्यूयॉर्क झालं. एम्पायर स्टेटखाली उभं राहून "लोखंड आहे म्हणून उभं आहे" एवढीच दाद मिळाली.

मग एका रात्री जेवताना नवरा सहज म्हणाला, "बाबा, इथून पाच तासांवर एक दीपगृह आहे. समुद्र जवळ आला म्हणून ते उचलून मागे नेऊन ठेवलंय."

"सुटं करून?"

"नाही, अख्खं. उभंच्या उभं."

"लोखंडी असेल."

"विटांचं आहे. जवळजवळ दोनशे फूट उंच."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "खोटं सांगत नाही ना, जावईबापू?"

तर २०२३ च्या मे महिन्यात, तीन दिवस, आम्ही पाच जण ते दीपगृह बघायला केप हॅटरसला जाऊन आलो: मी, नवरा, नऊ वर्षांचे चिरंजीव, आई आणि टेप घेतलेले बाबा.

पहिला दिवस : कॅरी ते एव्हन

पहाटे सहाला निघालो. आईनं रात्री जागून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी केली होती, ती रॉली मागे पडायच्या आत अर्धी संपली. रस्ता सरळसोट पूर्वेला जातो. शेवटच्या टप्प्यात दोन्हीकडे दलदल आणि 'अस्वलांपासून सावध' अशा पाट्या, एवढंच काय ते पाहण्यासारखं.

नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यापासून थोडी सुटून समुद्रात वाळूची एक लांबच लांब, चिंचोळी पट्टी आहे, तिला आउटर बँक्स म्हणतात. एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला खाडी. काही ठिकाणी ही पट्टी इतकी अरुंद की गाडीतून दोन्हीकडचं पाणी दिसतं. खडक म्हणून औषधालाही नाही, सगळी वाळू.

वाटेत किल डेव्हिल हिल्सला राइट बंधूंचं स्मारक लागतं. १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण जिथून सुटलं आणि जिथे टेकलं तिथे दगड रोवलेत. मधलं अंतर १२० फूट, वेळ १२ सेकंद. बाबांनी पावलं टाकून पाहिलं. "बरोबर आहे," असा निकाल दिला. आईनं लगेच शिवकर बापूजी तळपद्यांचा विषय काढला, की आपल्या माणसानं १८९५ सालीच चौपाटीवर विमान उडवलं होतं. पुरावा काय, असं चिरंजीवांनी विचारलं. आईनं त्याला एक लाडू दिला.

दुपारी बोडी आयलंडचं दीपगृह. लिहितात काहीही, स्थानिक लोक उच्चार 'बॉडी' असाच करतात. हॅटरसच्या मनोऱ्यात दुरुस्तीमुळे वर जाणं बंद होतं, म्हणून चढायची हौस इथे भागवून घेतली. जाणार असाल तर लक्षात ठेवा: तिकिटं आदल्या दिवशी मिळत नाहीत, त्याच दिवशी सकाळी सातला ऑनलाइन सुटतात. आम्हाला मोठ्यांचे दहा डॉलर पडले, मुलांचे आणि ज्येष्ठांचे पाच. ४२ इंचांपेक्षा बुटक्या मुलांना सोडत नाहीत. आणि पायऱ्या २१४ आहेत. आई खाली सावलीत बसली. बाबा प्रत्येक टप्प्यावर थांबले, दम लागला म्हणून नव्हे (असं त्यांचं म्हणणं), तर जिन्याचे बिडाचे कप्पे भिंतीत कसे बसवलेत ते बघायला.

या दीपगृहाचीच गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आत्ता उभं आहे ते तिसरं, १८७२ चं. पहिलं १८४७ साली बांधलं, पण पाया धड घातला नाही, त्यामुळे थोड्याच वर्षांत ते कलायला लागलं आणि शेवटी सोडून द्यावं लागलं. दुसरं १८५९ चं. ते चांगलं होतं, पण १८६१ मध्ये यादवी युद्धात माघार घेणाऱ्या दक्षिणेच्या सैन्यानं उडवून दिलं. मी हे भाषांतर करून सांगितलं तर बाबांना दुसऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. "पहिल्याचा पाया कुणी पास केला?" एवढंच ते विचारत राहिले.

वर वारा असा की चिरंजीवांची टोपी मी दातात धरली होती. दक्षिणेला ओरेगॉन इनलेट दिसते, म्हणजे पट्टीला पडलेली खिंड. १८४६ च्या एका चक्रीवादळानं एका दणक्यात समुद्राला खाडीत जायची वाट करून दिली, आणि ती खिंड तेव्हापासून हळूहळू दक्षिणेकडे सरकते आहे. तिच्यावरचा नवा पूल २०१९ मध्ये सुरू झाला. त्याच्या आधीचा १९६३ चा.

पूल ओलांडला की एनसी १२ हा एकच रस्ता. पेट्रोल नॅग्ज हेडलाच भरून घ्या. आणि निघण्यापूर्वी रस्ता उघडा आहे ना ते सरकारी संकेतस्थळावर बघा. उधाणात वाळू आणि पाणी रस्त्यावर येतं आणि मग बुलडोझर येईपर्यंत आहात तिथे बसायचं.

चारच्या सुमारास रोडॅन्थीला थांबलो. इथली घरं पडतानाची चलचित्रं तुम्ही पाहिली असतील. १० मे २०२२ ला एका दिवसात दोन पडली. आम्ही जायच्या दोन महिने आधी, मार्चमध्ये आणखी एक. पुळणीवर घरं लाकडी खांबांवर उभी आहेत आणि लाट त्यांच्या खालून आत जाऊन परत येते. एका घराचा जिना खालच्या पाच-सहा पायऱ्या नसलेला, हवेत लोंबकळत होता. गॅलरीत प्लास्टिकची खुर्ची तशीच. दुसऱ्या घराची शौचालयाची टाकी वाळू निघून गेल्यानं उघडी पडलेली. चपला घालून जा, पोरांना घरांखाली जाऊ देऊ नका. वाळूत खिळे आणि फळ्यांचे तुकडे अजून सापडतात.

बाबांनी इथे टेप काढली नाही. पाठीमागे हात बांधून बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "ताईच्या मागीलदाराला असंच येणार."

ताई म्हणजे माझी आत्या. तिचं घर मिऱ्याला आहे. रत्नागिरीकरांना मिऱ्या सांगायला नको: गाव आणि समुद्र यांच्यात धूपप्रतिबंधक बंधारा आणि दर पावसाळ्यात तो कुठे ना कुठे ढासळल्याची बातमी. जून २०२० मध्ये निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज भरकटून त्याच किनाऱ्याला येऊन रुतलं होतं. आत्या फोनवर म्हणाली होती, "पाहुणा आलाय, जायचं नाव नाही."

राहायला एव्हनला दोन खोल्यांचं घर घेतलं होतं, तेही खांबांवर. रात्री जवळच्या खानावळीत गेलो. इथला शिंपल्यांचा चाउडर दूध न घालता करतात, पातळ, मिरीचा वास असलेला. बाबा दोन वाट्या प्यायले. "तिसऱ्यांचं सार आहे, फक्त कोकम विसरलेत." सोबत मक्याच्या पिठाची गोल भजी आली, तिला इथे हश पपी म्हणतात. ही आईला इतकी आवडली की तिनं कृती विचारायला मला आत पाठवलं.

दुसरा दिवस : बक्सटन

सकाळी आठला दीपगृहाच्या आवारात पोचलो. झाडीतून वळण घेतलं की एकदम समोर येतं: काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पीळ घातलेला उंच खांब. हा रंग १८७३ चा. दिवसा जहाजांना दीपगृहं वेगवेगळी ओळखता यावीत म्हणून प्रत्येकाला वेगळा पोशाख. बोडीला आडवे पट्टे, हॅटरसला पिळाचे.

इथे दीपगृह का हवं होतं ते आधी सांगते. हॅटरसच्या टोकासमोर डायमंड शोल्स नावाच्या वाळूच्या उथळ रांगा समुद्रात मैलोन् मैल आत गेल्या आहेत, आणि त्यांची जागा बदलत राहते. तिथेच उत्तरेकडून येणारा थंड प्रवाह आणि दक्षिणेकडून येणारा गल्फ स्ट्रीम भेटतात. दक्षिणेला जाणारी जहाजं गल्फ स्ट्रीम टाळायला किनाऱ्याला चिकटून यायची आणि वाळूत बसायची. या पट्ट्याला अटलांटिकची दफनभूमी म्हणतात. यादवी युद्धातली प्रसिद्ध चिलखती नौका मॉनिटर १८६२ च्या शेवटच्या दिवशी इथेच बुडाली.

पहिलं दीपगृह १८०३ चं, वालुकाश्माचं, ९० फूट. उजेड पुरत नाही म्हणून खलाशी शिव्या घालायचे. १८५४ मध्ये उंची वाढवून १५० फूट केली, तरी तडे गेलेच. मग १८७० मध्ये हे आत्ताचं उभं राहिलं. साडेबारा लाखांच्या आसपास विटा. अमेरिकेतलं सगळ्यात उंच विटांचं दीपगृह.

इथून पुढे बाबांच्या दिवसाला सुरुवात झाली.

आवारात एक रेंजर बाई छोट्या गटाला माहिती देत होत्या. पाया कसा घातला हे बाबांनी माझ्यामार्फत विचारलं. त्यांचा चेहरा उजळला. बहुधा लोक भुतांबद्दलच विचारत असावेत. डेक्स्टर स्टेटसन नावाचा माणूस कामावर देखरेखीला होता. वाळूत खांब ठोकून पाया करायचा बेत होता, पण खांब आत जाईनात. खणावं तर थोड्याच खोलीवर गोडं पाणी. तेव्हा त्यानं खड्ड्याभोवती आडोसा करून पाणी उपसत ठेवलं, तळाशी पाइनचे वासे आडवे-उभे जाळीसारखे रचले, त्यावर ग्रॅनाइटचे मोठे दगड बसवले आणि पाणी परत येऊ दिलं. म्हणजे मनोरा एका बुडालेल्या तराफ्यावर उभा होता.

"लाकूड कुजलं नाही?" हा प्रश्न नवऱ्याचा. उत्तर बाबांनीच दिलं. "पाण्यातच राहिलं तर कसं कुजेल? हवा लागली तर कुजेल. आपल्याकडे जांभळीचं लाकूड विहिरीत टाकतात, ते काय उगाच?" मी हे रेंजर बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, अगदी तेच. १९९९ मध्ये उकरलं तेव्हा लाकूड धड होतं.

बाबांनी स्टेटसनचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि पार्कच्या नकाशाच्या पाठीवर देवनागरीत लिहिलं.

मनोरा बांधला तेव्हा समुद्र १,५०० फूट लांब होता. हा आकडा पुन:पुन्हा येतो. १९३५ च्या सुमारास लाटा पायाशी आल्या. १९३६ मध्ये सरकारनं दिवा जवळच्या रानात एका लोखंडी सांगाड्यावर हलवला आणि मनोरा सोडून दिला. शेवटचे राखणदार उनाका जेनेट यांच्यापाशी त्या दिवशी बत्ती लावायला बत्तीच उरली नाही. महामंदीचा काळ होता. बेकार तरुणांना कामाला लावून किनाऱ्यावर वाळूचे लांबच्या लांब बांध घातले, त्यांवर गवत लावलं. समुद्र थोडा मागे गेला. १९५० मध्ये दिवा परत मनोऱ्यावर आला.

मग पुन्हा तेच. १९६० च्या दशकात बाहेरून वाळू आणून टाकली, ती गेली. १९७० च्या सुमारास नौदलानं आपला तळ वाचवायला समुद्रात काटकोनात तीन आडवे बांध घातले. मार्च १९८० च्या वादळानं जुन्या, १८०३ च्या दीपगृहाचा उरलासुरला पाया रातोरात धुऊन नेला, तेव्हा लोक हादरले. वाळूच्या पिशव्या रचल्या. ह्यू मॉर्टन यांच्या समितीनं पैसे जमवून समुद्राच्या तळाशी प्लास्टिकचं शेवाळ लावलं, वाळू अडावी म्हणून. हे ऐकून चिरंजीव इतके हसले की रेंजर बाईसुद्धा हसल्या.

यात मूर्खपणा कुणाचाच नव्हता. पण ही पट्टी मुळात स्थिर नाही. वादळात समुद्र वाळू उचलून पट्टीवरून पलीकडे खाडीच्या बाजूला टाकतो. म्हणजे पुढून झिजते, मागून वाढते, आणि अख्खं बेट सावकाश मागे लोळत जातं. वाळूचे बांध घातले की हे लोळणं थांबतं, झीज थांबत नाही. ड्यूक विद्यापीठाचे भूवैज्ञानिक ऑरिन पिल्की हे वर्षानुवर्षं सांगत होते: समुद्राशी भांडू नका, मनोरा हलवा. दुसरा पर्याय होता भोवती काँक्रीटची भिंत बांधायचा. तसं केलं असतं तर किनारा मागे गेला असता आणि दीपगृह समुद्रात एकटं उरलं असतं. १९८८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनंही हलवा म्हणून सांगितलं. प्रत्यक्षात हलायला पुढे अकरा वर्षं लागली. १९९९ मध्ये पाणी १२० फुटांवर होतं.

आता हलवलं कसं. हा भाग बाबांनी तीनदा ऐकला, म्हणून मलाही पाठ झाला.

काम मिळालं बफेलोच्या इंटरनॅशनल चिमनी या कंपनीला. चिमण्यांवर काम करणारे लोक. सोबतीला घरं हलवणारी एक्स्पर्ट हाउस मूव्हर्स. आधी मनोऱ्याखालचा ग्रॅनाइट थोडा थोडा कापून काढला आणि तिथे तात्पुरते लोखंडी टेकू दिले. एकदम नाही, एक कप्पा कापायचा, टेकू द्यायचा, मग पुढचा. मग पोलादी तुळयांची चौकट आत सरकवली. तिच्यात १०० हायड्रॉलिक जॅक. हे शंभर जॅक तीन गटांत जोडलेले, प्रत्येक गटातलं तेल एकाच नळीचं, म्हणजे त्या गटातल्या सगळ्या जॅकवर दाब सारखाच.

"तीनच का?" मी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा शाळेत गेले. "चूल तीन दगडांची का असते? तीन दगड कधी डुगडुगत नाहीत. चार ठेवलेस तर एक हलतोच."

मनोरा सुमारे सहा फूट उचलला. खाली पोलादी रूळ टाकले, मागून जॅकनं ढकलायचं, पाच फूट पुढे गेला की जॅक पुन्हा बसवायचे. मागचे रूळ उचलून पुढे आणायचे. रुळांना साबण चोळला होता, साधा अंघोळीच्या वडीचा साबण. मनोऱ्यावर कलणं आणि थरथर मोजणारी यंत्रं. वजन सुमारे ४,८०० टन. १७ जून १९९९ ला निघाला, ९ जुलैला पोचला: २३ दिवस, २,९०० फूट. खर्च जवळजवळ एक कोटी वीस लाख डॉलर. नवी जागा किनाऱ्यापासून १,६०० फुटांवर, म्हणजे पहिल्या दिवशी होतं जवळपास तेवढंच अंतर. नोव्हेंबरात दिवा पुन्हा लागला.

"ओळंबा सोडलेला असणार आत," बाबा म्हणाले. दार बंद होतं. त्यांनी पायथ्याच्या विटांवर हात फिरवला, एका विटेची लांबी-जाडी टेपनं घेतली, सांध्यातला चुना नखानं खरवडून पाहिला आणि रेंजर बाई बघत नाहीत ना म्हणून मागे वळले. त्या बघत होत्या. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

जुन्या पायातले काही ग्रॅनाइटचे दगड आता मनोऱ्याजवळ अर्धवर्तुळात मांडलेत, बसायला. त्यांवर इथल्या राखणदारांची नावं कोरलेली आहेत. हे दगड आधी मूळ जागेवर गोलाकार ठेवले होते, स्मृती म्हणून. समुद्रानं वाळू लोटून ते सारखे पुरायला सुरुवात केली, तेव्हा २०१५ मध्ये तेही इकडे हलवावे लागले. बाबांनी एका दगडावर बसून डबा उघडला. पुऱ्या मऊ पडल्या होत्या, चटणीवर भागलं. डासांचं औषध न्याच; झाडीच्या बाजूला ते घोड्यासारखे आहेत.

जेवण झाल्यावर बाबांनी जाहीर केलं की मूळ जागेपर्यंत चालत जायचं. गाडीनं दोन मिनिटं लागतात आणि तिथे गाड्या लावायला जागाही आहे. नाही. मनोरा चालत आला, आपणही चालत जायचं. आई आणि नवरा गाडीनं गेले. मी, चिरंजीव आणि बाबा उन्हातून निघालो, बाबा मोठ्यानं पावलं मोजत. त्यांचं पाऊल अडीच फुटी, हिशेबानं ११६० भरायला हवीत. १२१४ भरली. "आपण वाकडे चाललो. तो सरळ आला," असं स्पष्टीकरण मिळालं.

मूळ जागेवर काही नाही. वाळू, थोडं गवत, समोर गुरगुरणारा समुद्र. पाण्यात त्या तीन बांधांपैकी मोडकळलेले अवशेष दिसतात.

तिथे एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून बसले होते. बाबांनी बादलीत डोकावून पाहिलं आणि मासेमारीची चौकशी खुणांनीच सुरू झाली. मग मी दुभाषी. गृहस्थ बक्सटनचेच. तेव्हा त्यांचाही हलवण्याला विरोध होता. गावातल्या बऱ्याच लोकांचा होता. विटांचा खांब, मधेच चिरेल, आणि मग ना धड इथे ना तिथे. शिवाय दीपगृह किनाऱ्यावरच शोभतं. "मग काम सुरू झालं," ते म्हणाले, "आणि मी रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन जायला लागलो." पडताना बघायला? "हो, बहुतेक." पण ते चाललेलं दिसायचंच नाही. एखाद्या झुडपावर नजर ठेवायची, कॉफी पिऊन यायचं, आणि परत आलं की झुडूप मनोऱ्याआड गेलेलं असायचं.

बाबांनी त्यांना बांधाकडे बोट दाखवून विचारलं, याच्या या बाजूला वाळू साठते आणि त्या बाजूची जाते ना? म्हातारबुवांनी मान डोलावली. बाबांनी मला सांगितलं, "सांग त्यांना, आमच्याकडे पण तेच. बंधारा घातला म्हणून लाट गप्प बसत नाही, शेजाऱ्याकडे जाते." मी सांगितलं. ते गृहस्थ खो खो हसले आणि बाबांना एक मासा देऊ केला. आईचा सोमवार होता, तरी तो मासा एव्हनला आला, आणि आईनं स्वतः भात खाऊन तो हळद-तिखट लावून तळला. इतर कुणाच्या हातून तळलेला बाबांना चालत नाही.

तिसरा दिवस : वारा

ठरलं होतं ऑक्रकोक बेटावर जायचं. तिथलं १८२३ चं पांढरं ठेंगणं दीपगृह बघायचं, अंजिराचा केक खायचा, आणि चिरंजीवांना ब्लॅकबिअर्ड चाचा १७१८ मध्ये जिथे मारला गेला ते पाणी बघायचं होतं. हॅटरस गावातून जाणारी फेरी फुकट असते, तासाभराचा प्रवास. पण रात्रीपासून वारा फिरला होता. धक्क्यावर गाड्यांची रांग हलेना, आणि दीड तासानं कळलं की आत्ता फेरी सुटेल असं नाही. एक दिवस राखीव नसेल तर ऑक्रकोकच्या भरवशावर राहू नका. मुलाची समजूत समुद्री चाच्याचा झेंडा घेऊन काढावी लागली, तेरा डॉलर.

परतताना भरतीची वेळ होती. रोडॅन्थीच्या आधी रस्त्यावर वाळूची पातळ साय आली होती आणि तिच्यावरून पाणी धावत होतं, फार नाही, टायर भिजण्यापुरतं. खारं पाणी आहे, घरी आल्यावर गाडीचं पोट धुवून घ्या. पुढे जुना रस्ता समुद्राच्या फारच जवळून जायचा, म्हणून २०२२ मध्ये तो सोडून खाडीतून कमानीसारखा वळणारा लांब पूल बांधला. म्हणजे रस्ताही सरकलाच. पुलावरून मागे वळून पाहिलं तर ती खांबांवरची घरं आणि त्यांच्यामागे उसळणारं पांढरं पाणी.

"ही पण हलवतात का?" आईनं विचारलं. हलवतात, मागे जागा असेल आणि पैसे असतील तर. बाकीची वाट बघतात.

बाबा त्यानंतर गाडीत गप्प होते. मला वाटलं झोपले. रॉलीच्या अलीकडे कॉफीला थांबलो तेव्हा रात्रीचे साडेआठ, म्हणजे मिऱ्याला सकाळचे सहा. आत्या पाचलाच उठते. बाबांनी माझ्याकडून फोन लावून घेतला. दीपगृहाचं वगैरे काही नाही, एकदम: "ताई, मागीलदारापासून बंधाऱ्यापर्यंत पावलं किती आहेत?"

"काय झालं तुला? बरा आहेस ना?"

"बरा आहे. जा, मोजून ये. मी धरतो."

स्पीकरवर कडी काढल्याचा आवाज आला, कोंबडा, आत्याच्या चपला. आम्ही चौघं कॉफीचे कप धरून उभे. चिरंजीवांनी कान फोनला लावला होता.

"एकतीस," आत्या धापा टाकत म्हणाली. "आता सांग, कशाला?"

"तुझी एकतीस म्हणजे माझी पंचवीस," बाबा म्हणाले, आणि नकाशाच्या पाठीवर स्टेटसनच्या नावाखाली त्यांनी आकडा लिहिला, समोर तारीख घातली. "पावसाळा संपला की पुन्हा मोज. आणि चप्पल काढून मोज गो, चपलेत पाऊल फसतं."